एमआयडीसीच्या पट्ट्यात बस आणि जमीन एकत्र कशी आखायची

नव्या औद्योगिक पट्ट्याच्या नकाशात आधी प्लॉट दिसतात, मग रस्ते, मग पाण्याच्या टाक्या आणि सबस्टेशन. बसचा थांबा कुठेच नसतो. कामगार रस्त्याच्या कडेला उभे राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीला हात दाखवायला लागले की मग त्याची आठवण होते. तोवर कंपन्यांची गेटं भलत्याच बाजूला उघडलेली असतात, आतल्या गावात गुंठेवारीतल्या, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून उभ्या राहिलेल्या वस्तीतल्या, खोल्या भाड्याने लागलेल्या असतात आणि मधल्या रस्त्यावर बस वळवायलाही जागा उरत नाही. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला हे होऊन गेलं. त्याच शहराजवळच्या शेंद्रा आणि बिडकीनला अजून हातात वेळ आहे. जालना, लातूरजवळचं हरंगूळ, नांदेडजवळचं कृष्णूर इथेही गाव आणि एमआयडीसी एकमेकांकडे सरकत आहेत. तिथेही पुढे दिलेली पद्धत लागू पडते.

पद्धत साधी आहे, फक्त नेहमीच्या क्रमाच्या उलटी. शिफ्टची वेळ आणि कामगाराची खोली ही दोन टोकं धरायची, त्यांच्यामधला बसचा रस्ता ठरवायचा आणि त्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना काय बसवायचं ते त्यावरून काढायचं. हे ग्रामपंचायत, उद्योजक संघटना, नगररचनेचं काम करणारे आणि बससेवा चालवणारे या चौघांनी एकत्र बसून करायचं काम आहे. एकट्याने केलं तर चौथ्या महिन्यात अडतं.

आधी हद्दी कागदावर आणा

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली एमआयडीसी आपल्या क्षेत्रात विशेष नियोजन प्राधिकरण असते, म्हणजे तिथलं नियोजन आणि बांधकाम परवानगी तिच्याकडे. तिच्या कुंपणाबाहेर पाऊल टाकलं की कारभारी बदलतो. वाळूज परिसरात अर्ध्या तासाच्या पायपिटीत तुम्ही एमआयडीसीचे कारखानदारी प्लॉट, बजाजनगरची वसाहत, सिडकोने आखलेलं वाळूज महानगर आणि रांजणगाव शेणपुंजी किंवा जोगेश्वरीसारख्या ग्रामपंचायतीची हद्द असं सगळं ओलांडता. त्यातून नगर रोडसारखा मोठा रस्ता जातो, त्याचा मालक आणखी वेगळा. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या नव्या औद्योगिक शहराचं नियोजन आणखी निराळ्या कंपनीकडे आहे.

म्हणून पहिलं काम असं: ज्या रस्त्याने बस न्यायची आहे तो नकाशावर ५००-५०० मीटरच्या तुकड्यांत तोडा आणि प्रत्येक तुकड्यापुढे चार गोष्टी लिहा. रस्ता कोणाचा, कडेच्या बांधकामाला परवानगी कोण देतं, दिव्याचं बिल कोण भरतं आणि नाली कोण उपसतं. चौथा रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो, आणि थांब्यापुढे पाणी नेमकं तिथेच साचतं. हद्दीच्या बरोबर रेषेवर थांबा ठेवू नका. शेड कोणी बांधायची यावर दोन कार्यालयांत पत्रापत्री चालू राहते आणि लोक उन्हात उभे राहतात. थांबा ५० मीटर अलीकडे किंवा पलीकडे सरकवला की मालक एकच उरतो.

त्याच नकाशावर भूमी अभिलेखाच्या गाव नकाशातून गायरान, पाणंद रस्ते, शिवरस्ते आणि नाले उतरवून घ्या. पाणंद वहिवाटीत असतील तर पुढे पायवाट म्हणून तयारच मिळतात. दाबून टाकलेल्या असतील तर मोकळ्या करायला वेळ लागतो, तेव्हा त्याची सुरुवात पहिल्याच आठवड्यात करा.

माणसं मोजायची कशी

कंपनीच्या एचआरकडून पत्त्यांची यादी मिळते, पण ती अर्धीच असते. कायम कामगार यादीत सापडतो, कंत्राटी कामगार ठेकेदाराच्या यादीत असतो आणि रोजंदारीवरचा कोणाच्याच यादीत नसतो. शिवाय आधार कार्डावरचा पत्ता परभणी, हिंगोली, बीडकडचा किंवा थेट बिहारचा निघतो. राहतो मात्र तो गेटापासून तीन किलोमीटरवर. यादीवर विसंबू नका, गेटवर माणूस उभा करा.

गेटवरच्या माणसाने तीनच प्रश्न विचारायचे: आज कुठून निघालात (गाव किंवा नगराचं नाव, पिन कोड नको, तो फार मोठा पट्टा धरतो), शिफ्ट कोणती, आणि आलात कसे. शिफ्ट बदलण्याआधी ४५ मिनिटं आणि नंतर ४५ मिनिटं, १५-१५ मिनिटांचे कप्पे पाडून मोजा. सोबत आतल्या दुचाकी मोजा आणि कंपनीच्या बसमध्ये किती जागा रिकाम्या आल्या तेही लिहा.

खोल्यांच्या बाजूला वेगळी मोजणी लागते. २० बाय ३० फुटांच्या, म्हणजे ६०० चौरस फुटांच्या प्लॉटवर तीन मजले चढवून प्रत्येक मजल्यावर चार खोल्या काढल्या आणि खोलीत तीन मुलं राहिली, तर एका "घरात" ३६ माणसं झाली. विकास आराखडा करताना याच घराला चार-पाच माणसं धरली जातात. तेव्हा घरं मोजू नका, खोल्यांची दारं मोजा.

मोजणीचे दिवस निवडून घ्या. सोयाबीन सोंगणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत पुष्कळ कामगार गावी जातात, दसऱ्यानंतर ऊसतोडीचं स्थलांतर सुरू होतं, दिवाळीच्या आठवड्यात कारखान्यांच्या शेड ओस पडतात आणि एप्रिल-मेमध्ये लग्नसराई. जानेवारीचा दुसरा पंधरवडा आणि फेब्रुवारी सगळ्यात बरा. वाटेतल्या गावांचे आठवडी बाजारचे वार आधी विचारून ठेवा. त्या दिवशी एक मोजणी मुद्दाम घ्या, कारण बस सगळ्यात जास्त अडकते ती त्याच दिवशी.

शिफ्टवरून बसचा आकडा

उदाहरणाला एक पट्टा घेऊ. एकूण १०,००० नोकऱ्या: जनरल शिफ्टला ४,०००, पहिल्या पाळीला २,८००, दुसरीला २,२०० आणि रात्रपाळीला १,०००. सुट्ट्या-खाडे धरून हजेरी ९० टक्के. त्यातले ३० टक्के लोक बसने यावेत असं लक्ष्य ठेवलं, तर जनरलला ४,००० × ०.९ × ०.३ = १,०८० प्रवासी होतात. त्यातले ६० टक्के एकाच बाजूने, म्हणजे शहराकडून येत असतील तर ६४८. १२ मीटरच्या बसमध्ये बसलेले आणि उभे मिळून ६० धरा. त्याहून जास्त कोंबण्याचा हिशेब कागदावर जुळतो, पण दारात लोंबकळणाऱ्यांमुळे प्रत्येक थांब्यावर मिनिटभर जादा जातं. ६४८ भागिले ६०, म्हणजे ११ फेऱ्या.

आता खरा प्रश्न येतो. सगळ्या कंपन्यांची जनरल शिफ्ट एकाच वेळी सुरू होत असेल तर या ११ फेऱ्या ४० मिनिटांत सोडाव्या लागतात, दर चार मिनिटांनी एक. मार्ग १२ किलोमीटरचा, ताशी २४ किलोमीटरच्या सरासरीने जायला ३० मिनिटं, यायला ३० आणि दोन्ही टोकांना पाच-पाच मिनिटं थांबायला, म्हणजे पूर्ण फेरी ७० मिनिटांची. ४० मिनिटांत कोणतीच बस परत येऊन दुसऱ्यांदा निघू शकत नाही. त्यामुळे ११ फेऱ्यांना ११ बस लागतात.

तेच कंपन्यांनी सुरुवातीची वेळ साडेआठ, नऊ आणि साडेनऊ अशी वाटून घेतली तर बस सोडायला ४० ऐवजी १०० मिनिटं मिळतात. दर १० मिनिटांनी एक बस सोडली तरी ११ फेऱ्या होतात, आणि पहिली बस ७० मिनिटांनी परत येऊन आठवी फेरी उचलते. म्हणजे ७ बस पुरतात. राखीव एक धरली तरी आठ. चार बस, आठ-दहा चालक आणि डेपोतली तेवढी जागा फक्त गेटच्या वेळा बदलून वाचते. उद्योजक संघटनेच्या बैठकीत पहिला विषय हाच ठेवा, बस खरेदीचा नको. अर्थात साखळीत अडकलेली पुरवठादार कंपनी मुख्य कंपनीच्या वेळेपासून हलू शकत नाही. तिला सोडून द्या, बाकीच्यांवर काम करा.

बस थांब्यावर कधी पोचायला हवी ते गेटच्या वेळेवरून काढू नका, हजेरीच्या पंचिंगच्या वेळेवरून काढा. सकाळी सहाची शिफ्ट म्हणजे ५.५० ला पंच. त्याआधी कपडे बदलायचे, सेफ्टी शूज चढवायचे. थांबा ते गेट ४०० मीटर म्हणजे पाच-सहा मिनिटं. बस ५.३० च्या पुढे गेली की माणूस धावायला लागतो, दोनदा उशीर झाला आणि अर्धा दिवस कापला गेला की तिसऱ्यांदा तो बसकडे वळत नाही. मोटारसायकलचा हप्ता सुरू होतो आणि तो प्रवासी पुढची तीन-चार वर्षं तरी गेला.

सुटतानाचं उलट आहे. दुपारी दोनला भोंगा झाला की माणूस मशीन पुढच्याच्या ताब्यात देतो, किती माल झाला ते लिहितो, हात धुतो, कपडे बदलतो, पंच करतो, गेटवर डबा उघडून दाखवतो. रस्त्यावर येतो तेव्हा २.१५ झालेले असतात. वेळापत्रकात मात्र बस २.०५ ला, कारण वेळापत्रक करणाऱ्याच्या मते सुट्टी दोनला होते. ही बस रोज रिकामी जाते, आणि सहा महिन्यांनी "प्रतिसाद नाही" म्हणून बंद होते. पहिली बस २.२० ला, दुसरी २.३५ ला ठेवा. ओव्हरटाइम चार तासांचा असेल तर सहाच्या पुढे आणखी एक.

बसच्या रस्त्यावर कोणते उद्योग

जमीन वापराच्या बाबतीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. एक किलोमीटर लांबीच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ४०० मीटर धरले तर ८० हेक्टर होतात. तिथे हेक्टरी २० नोकऱ्या असतील तर १,६००, हेक्टरी ८० असतील तर ६,४००. पहिल्या पट्ट्यात बस कायम तोट्यात, दुसऱ्यात दर दहा मिनिटांनी भरलेली. रस्ता तोच, बस तीच.

गोदामं, टँक फार्म, स्टील यार्ड, ट्रक टर्मिनल यांना जमीन भरपूर लागते आणि माणसं थोडी. जालन्यासारख्या सळईच्या कारखान्यांच्या गावात भंगार आणि बिलेटच्या गाड्यांना अवजड रस्ता हवाच, पण तो बसच्या रस्त्यापासून वेगळा काढा आणि हे सगळे उद्योग त्या रस्त्यावर टाका. गारमेंट, इलेक्ट्रॉनिक्स, वाहनांचे सुटे भाग, पॅकेजिंग, लघुउद्योगांचे गाळे हे माणसं भरपूर घेणारे. ते बसच्या रस्त्यालगत. प्लॉट वाटपाच्या वेळीच हे करता येतं. एकदा कोपऱ्यावरचा दहा एकराचा प्लॉट गोदामाला गेला की पुढची तीस वर्षं तिथे लांबच लांब कंपाउंड भिंत आणि एक वॉचमन.

कंपाउंडचाच मुद्दा आहे तर: मोठ्या प्लॉटची बाजू २००-३०० मीटर असते आणि गेट बहुधा एकच, ट्रकच्या सोयीने मागच्या रस्त्यावर. नकाशावर थांबा गेटापासून १०० मीटर दिसतो, चालायला ७०० मीटर पडतात. अंतर नेहमी पायाने मोजा, पट्टीने नको. वाटपाच्या अटींतच लिहून घ्या की बसच्या रस्त्याकडे माणसांसाठी एक छोटं गेट राहील, आणि दर २०० ते २५० मीटरवर दोन प्लॉटांच्या मधून सहा मीटरची दिवे असलेली पायवाट सोडली जाईल. सुरक्षा अधिकारी दुसऱ्या गेटला विरोध करतात. शिफ्टच्या वेळी अर्धा-अर्धा तासच उघडायचं म्हटलं की बहुतेक तयार होतात.

परतीच्या फेरीचा विचारही जमीन वापरातच सुटतो. २४ किलोमीटरची पूर्ण फेरी, चालवायचा खर्च समजा किलोमीटरला ७० रुपये, म्हणजे १,६८० रुपये. जाताना ६० प्रवासी २० रुपये तिकिटाने १,२०० देतात. परत येताना रिकामी आली तर फेरीमागे ४८० रुपये तोटा. हे ४८० भरायला परतीला फक्त २४ प्रवासी लागतात. ते कुठून येतील? औद्योगिक टोकाला आयटीआय किंवा तंत्रनिकेतन, कामगार विम्याचा दवाखाना, शाळा, भाजीचा ओटा असं काही असेल तर उलट्या दिशेने माणसं ये-जा करतात. सार्वजनिक सुविधांची आरक्षणं शहराच्या टोकाला गोळा करायची आणि कारखान्यांच्या टोकाला फक्त शेड ठेवायची, ही पद्धत बसला अर्धी रिकामी पळवते.

खोल्या कुठे आणि कशा

कामगारांना राहायला जागा आराखड्यात दिली नाही म्हणून ते राहायचे थांबत नाहीत. शेतकरी एक एकर, म्हणजे ४० गुंठे, तुकडे पाडून विकतो, १०-१५ फुटांचे बोळ सोडतो आणि वस्ती उभी राहते. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामं नियमित करण्याची वाट काढली, पण नियमित झालेला बोळ रुंद होत नाही. तिथे बस तर सोडाच, अग्निशमनाची गाडीही जात नाही.

यावर एकच उपाय चालतो: वस्ती पडण्याआधी रस्ता पाडणं. गेटांपासून एक ते तीन किलोमीटरच्या पट्ट्यात, बसच्या रस्त्याला धरून, भाड्याच्या घरांसाठी निवासी पट्टा दाखवा आणि त्यातून निदान १८ मीटरचा एक रस्ता आरपार काढा. आरपार, कारण एका टोकाला बंद असलेल्या रस्त्यावर बस आत जाते आणि उलटी येताना रोज कोणाचा तरी ओटा तोडते. नगररचना परियोजना करता आली तर सगळ्यात उत्तम: प्रत्येक मालकाची थोडी-थोडी जमीन रस्त्यात जाते आणि प्रत्येकाला आकाराने नीट, रस्त्यालगतचा अंतिम भूखंड परत मिळतो. जमीन कमी होते पण भाव वाढतो. हे शेतकऱ्याला समजावताना टक्केवारी सांगत बसू नका. त्याच्या गट नंबरचा आजचा आकार आणि उद्याचा आकार एका कागदावर शेजारी-शेजारी काढून हातात द्या.

वाऱ्याची दिशा बघा. उन्हाळ्या-पावसाळ्यात आपल्याकडे वारा बहुतेक पश्चिमेच्या अंगाने येतो. धूर-वास सोडणाऱ्या कारखान्यांच्या पूर्वेला निवासी पट्टा दाखवू नका. आणि रात्रपाळीवाला दिवसा झोपतो हेही ध्यानात असू द्या: त्याच्या खोलीमागे ट्रक पार्किंग नको.

रस्ता, थांबा आणि काळी माती

१८ मीटरच्या रस्त्याची मांडणी अशी बसते: प्रत्येक बाजूला दोन मीटर फुटपाथ, दीड मीटर झाडं आणि नाली, साडेपाच मीटर डांबरी. २४ मीटर मिळाले तर फुटपाथ दोन, झाडं-नाली दीड, सायकल दीड, गाडीरस्ता साडेसहा आणि मध्ये एक मीटरचा दुभाजक. फुटपाथ १.८ मीटरच्या खाली नेऊ नका. शिफ्ट सुटल्यावर लोक चौघे-चौघे चालतात, अरुंद फुटपाथवरून थेट रस्त्यावर येतात.

थांब्यासाठी रस्त्याच्या कडेला खाच काढायची की बस रस्त्यातच उभी करायची? महामार्गावर खाच हवीच. एमआयडीसीच्या आतल्या रस्त्यावर मात्र खाच ही ट्रकवाल्यांना आयती पार्किंग मिळते, आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या बसला कंटेनरवाला कधीच वाट देत नाही. आत रस्त्यातच थांबवा.

थांब्यापाशी बस ब्रेक मारते, तिथे डांबर लाटेसारखं गोळा होतं. खाली काळी माती असेल तर दुसऱ्या पावसाळ्यात खड्डा ठरलेला. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, वरचा थर कितीही चांगला असो. थांब्याची लांबी १५ मीटर धरून त्यापुरती माती निदान ६० सेंटिमीटर काढा, मुरूम भरून थर-थर दाबा आणि वर काँक्रीटचा पट्टा घाला. पट्ट्याचा उतार नालीकडे, आणि नालीला पुढे वाट आहे का ते प्रत्यक्ष चालत जाऊन बघा. नाली थांब्यापाशी सुरू होऊन थांब्यापाशीच संपलेली दिसली तर नवल नाही.

बस फिरवायला शेवटच्या थांब्यावर निदान १५ मीटर त्रिज्येचं मोकळं वर्तुळ लागतं. डेपोला एका एकरात २० ते २५ बस मावतात. डेपो खोल्यांच्या टोकाला हवा, कारखान्यांच्या नव्हे: पहाटेची पहिली बस तिथूनच भरायची असते, नाहीतर रोज १२ किलोमीटर रिकामी धाव. दुपारच्या मधल्या वेळेत बस उभी करायला कारखान्यांकडे आठ-दहा गाड्यांची जागा आणि चालकांसाठी स्वच्छतागृह पुरतं. ई-बस घेणार असाल तर १२० किलोवॉटचे दहा चार्जर म्हणजे १.२ मेगावॉट, महावितरणकडे उच्चदाब जोडणीचा अर्ज बसच्या निविदेआधी टाका.

शेडचं छप्पर पश्चिमेच्या उन्हाला अडवणारं हवं. दुसऱ्या पाळीचे लोक भर दुपारी एक-सव्वाला थांब्यावर असतात, आणि मेमध्ये पत्र्याखाली उभं राहण्यापेक्षा ते समोरच्या कडुनिंबाखाली उभे राहतात. म्हणून झाडं सेवा सुरू होण्याच्या दोन वर्षं आधी लावा, कडुनिंब किंवा करंज, आणि पाणी घालणाऱ्याचं नाव कागदावर असू द्या.

आरक्षण टिकवायचं कसं

थांबे, डेपो आणि टर्मिनस विकास आराखड्यात आरक्षण म्हणून दाखवल्याशिवाय त्यांना आधार नाही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांच्या मुदतीत गट नंबर, क्षेत्र आणि नकाशाची प्रत जोडून सूचना द्या. "बस स्थानकाची सोय व्हावी" अशा अर्जाचं काही होत नाही. आरक्षण पडल्यावरही निर्धास्त राहू नका: दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक त्याच १९६६ च्या अधिनियमाच्या कलम १२७ खाली खरेदीची नोटीस देतो, आणि मुदतीत कारवाई झाली नाही तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे उठतं. दरवर्षी मार्चआधी आरक्षणांच्या यादीपुढे तारीख टाका. मोबदला रोख द्यायला पैसा नसेल तर टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा वाढीव चटई क्षेत्राचा, म्हणजे जादा बांधकामाचा, पर्याय मालकापुढे ठेवता येतो. मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल कलम ३७ खाली होतो. त्याला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आराखड्यातच जागा धरलेली बरी.

डेपोचं आरक्षण नाल्याच्या पूररेषेत किंवा कोणालाच नको असलेल्या कोपऱ्यात टाकण्याची सवय आहे. जागा बघायला पावसाळ्यात जा.

चालवणारे बरेच, रस्ता एक

संभाजीनगरात २०१९ पासून शहर बस धावते, एसटी आहे, कंपन्यांच्या बस आहेत, शेअर रिक्षा आणि काळीपिवळी आहेत. सगळ्यांना हाकलून एकच सेवा आणायचा बेत कागदावरच छान दिसतो.

कंपनीची बस कंत्राटी परवान्यावर असते, वाटेत हात दाखवणाऱ्याला तिकीट फाडून घेता येत नाही. तो अधिकार टप्पा वाहतुकीचा, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या बसचा. पण ४०-५० माणसांच्या पाच-सहा लहान कंपन्यांनी मिळून एक बस करारावर घेतली आणि प्रवाशांची यादी करारात जोडली तर ते चालतं. महिलांना रात्रपाळीत घ्यायचं तर घरापर्यंत ने-आण कंपनीच्याच गळ्यात असते, त्यामुळे या एकत्र बसची सुरुवात तिथूनच करा.

एसटीचा भाड्याचा टप्पा सहा किलोमीटरचा. तुमची वसाहत सातव्या किलोमीटरवर असेल तर प्रवासी दुसऱ्या टप्प्याचे पैसे देतो, किंवा आधी उतरून चालतो. शहर बसचे टप्पे आखताना हद्द गेटाच्या पुढे ढकला. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. शहर बसला तशी सवलत नसेल तर त्याच रस्त्यावर महिला एसटीचीच वाट बघणार, हे धरूनच उत्पन्नाचा अंदाज करा. आणि पास: पगार ७ ते १० तारखेदरम्यान होतो, पास मात्र एक तारखेला काढावा लागतो. काढलेल्या दिवसापासून ३० दिवस चालणारा पास ठेवा, आणि १० तारखेच्या आसपास गेटवरच टेबल लावा.

शेअर रिक्षांशी भांडू नका. बस फाट्यावर थांबते आणि गाव दीड किलोमीटर आत असतं. ते अंतर रिक्षाच तोडते. तिचा स्टँड थांब्याच्या पुढे ३०-४० मीटरवर द्या. मागे दिलात तर रिक्षा बसच्या तोंडासमोर येऊन प्रवासी उचलतात. मार्ग मात्र कोणाच्या आग्रहाने वाकवू नका. प्रत्येक गाव म्हणणार, बस आमच्या वेशीतून न्या. एका वळणाला सात मिनिटं गेली तर आतल्या ५० जणांना बस दाराशी मिळते आणि गेटवर पंच करणाऱ्या सगळ्यांची बस चुकते.

रेल्वेकडे लक्ष ठेवा, भिस्त ठेवू नका. जालन्याहून बदनापूर, करमाड, चिकलठाणा, मुकुंदवाडी असा मार्ग औद्योगिक पट्ट्याला समांतर जातो. पण एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबणारी पॅसेंजर शिफ्टच्या भरवशाची नसते. करमाडसारख्या स्टेशनबाहेर तीन-चार बस वळतील एवढी जागा आजच राखून ठेवा, आणि जोडबसच्या चालकाला गाडी उशिरा असेल तर दहा मिनिटं थांबायची लेखी मुभा द्या.

पहिले सहा महिने

सेवा सुरू झाल्यावर पहिले सहा महिने वेळापत्रक बदलू नका, फक्त लिहा. प्रत्येक शिफ्टला थांब्यावर एक माणूस वही घेऊन: बस किती वाजता आली, किती चढले, किती राहिले, बस निघून गेल्यावर पुढच्या दहा मिनिटांत किती जण आले. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथे रोज १५-२० चा आकडा दिसला तर बस कमी नाही, लवकर सुटते आहे. तिला दहा मिनिटं मागे घ्या आणि पुढच्या सोमवारी पुन्हा मोजा.